वजनाची वही

आमच्या वृद्धाश्रमात दर महिन्याच्या एक तारखेला वजनं होतात. सकाळच्या चहानंतर व्हरांड्यात काटा मांडतात, मावशी एकेकाला हाताला धरून आणतात, नर्स आकडा वाचते आणि लांबट निळ्या वहीत लिहून ठेवते. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीचा काटा आहे. ही वही ११ वर्षं चालू आहे. करोनाच्या काळातसुद्धा तिच्यात एकही महिना गाळलेला नाही.

त्या वहीतली एक ओळ मला पाठ आहे. मे ४६. जून ४५. जुलै ४३.५. ऑगस्ट ४१. सप्टेंबर ३९.५. ऑक्टोबर ३८.

ही ओळ ८१ वर्षांच्या एका आजींची. दिवाळीला त्यांची नात भेटायला आली. तिने आजीचा हात हातात घेऊन जरा वर उचलला, तशा बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या. पोरगी भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "हे कधीपासून?" आम्ही वही काढली. कधीपासून ते सगळं तारखेनिशी लिहिलेलं होतं.

कारण शोधायला अर्धा तास पुरला. जूनमध्ये आजींची कवळी तुटली होती. एक मावशी त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायची, तिला पावसाळ्यात रात्रपाळी लागली. तिच्या जागी आलेल्या मावशीला हे कुणी सांगितलं नाही. ताट समोर यायचं, आजी वरणभाताचे चार घास घ्यायच्या, ताट परत जायचं. 'भूक नाही' असं त्या म्हणायच्या आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसायचा. 'कशाला कुणाला त्रास' हे वाक्य वृद्धाश्रमात दिवसातून वीस वेळा कानावर येतं. ते ऐकून आपल्याला बरं वाटतं, माणूस समजूतदार आहे असं वाटतं. ऐकल्यावर खरं तर आपण दचकायला हवं.

मी त्या संस्थेचा विश्वस्त आहे. जून ते ऑक्टोबर या काळात कार्यकारी मंडळाच्या तीन बैठका झाल्या. इतिवृत्त माझ्याकडे आहे. सौर बंबाची दरपत्रकं, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, प्रवेशद्वारावरची कमान, लेखापरीक्षकांची नेमणूक. कमानीवर तर दोन बैठका गेल्या, दगडी करायची की लोखंडी यावर. वही ज्या कपाटात होती ते आमच्या टेबलापासून वीस पावलांवर होतं. आम्ही नऊ जण, त्यात एक निवृत्त प्राचार्य, एक सनदी लेखापाल, एक डॉक्टर. कुणीही ती मागवली नाही. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटलं तर वैद्यकशास्त्रात ती धोक्याची घंटा समजतात. आजींचं सतरा टक्के घटलं होतं.

त्या दिवशी वही मागे मागे चाळताना एक गोष्ट दिसली आणि तिच्यामुळेच मी हा लेख लिहायला बसलो. मे महिन्यापर्यंतच्या पानांवर काही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केलेले होते. कुठे बाजूला बारीक अक्षरात 'दात', 'जावई वारले', 'गोळी बदलली' असं लिहिलेलं. मेनंतरच्या पानांवर एकही गोल नव्हता.

ते गोल आमच्या जुन्या व्यवस्थापक बाईंचे. वही त्यांनीच सुरू केली होती. एक तारखेच्या संध्याकाळी त्या ती घेऊन बसायच्या, दोन किलोहून जास्त कमी झालेला प्रत्येक आकडा गोल करायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी स्वयंपाकघरात जायच्या, मग त्या माणसाच्या खाटेपाशी. पहाटे चारला अनवाणी फेरी मारून चादरींवरून हात फिरवत ओल चाचपायच्या. नवी मावशी आली की तिला सूचना देत उभ्या राहायच्या नाहीत, तिच्याबरोबर वाकून स्वतः डायपर बदलायच्या. मेच्या अखेरीस त्या नोकरी सोडून गेल्या. पगारात चार हजारांची वाढ मागितली होती. मंडळात कुणीतरी म्हणालं, हे काम सेवा म्हणून करायचं असतं. कुणी त्यावर काही बोललं नाही, मीही नाही. शहरातल्या एका इस्पितळाने त्यांना आठ हजार जास्त दिले.

बाई गेल्यावरही वजनं होत राहिली, कारण 'एक तारखेला वजन' हे कामाच्या तक्त्यावर होतं. ती वाचायची कुणी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती बाईंची सवय होती. संस्थेने ती कधी स्वतःची करून घेतली नाही. माझ्या मते आपल्याकडच्या निवासी संस्थांचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. आपल्याला चांगली माणसं मिळतात, पुष्कळ मिळतात, या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. त्या माणसांच्या चांगल्या सवयींचा नियम करायची जबाबदारी विश्वस्त मंडळाची असते आणि ती आम्ही पार पाडत नाही. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची पेन्सिल जाते.

विश्वस्ताचं काम नेमकं काय, असं कुणी विचारलं तर बहुतेक जण सांगतील: निधी जमवणं, इमारत सांभाळणं, हिशेब चोख ठेवणं. ही समजूत अशीच झालेली नाही, कायद्यानेही ती घडवली आहे. आपले बहुतेक वृद्धाश्रम १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. हा कायदा मालमत्तेची फार काळजी घेतो. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दर वर्षी लेखापरीक्षण करून ते दाखल करावं लागतं. हे सगळं हवंच, या कायद्यामुळे कितीतरी संस्थांच्या जमिनी वाचल्या आहेत. पण गेल्या वर्षी किती जण पडले, किती जणांना पाठीला जखमा झाल्या, चुकीची गोळी किती वेळा दिली गेली, हे त्या कायद्यात विश्वस्ताला कुणी विचारत नाही. सनदी लेखापालाला पाच हजारांची पावती सापडली नाही तर तो शेरा मारतो. आठ किलो वजन सापडलं नाही तर शेरा मारणारं कुणी नाही.

मुलांच्या बाबतीत असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहाची स्वतंत्र नोंदणी सक्तीची केली, बिगरनोंदणी संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद केली, बालकल्याण समिती आणि तपासणीची रचना उभी केली. नियमांमध्ये संस्थेची व्यवस्थापन समिती आहे, मुलांच्या स्वतःच्या समित्या आहेत, सूचनापेटी आहे. बालगृहांची अवस्था उत्तम आहे असा माझा दावा नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथे मतिमंद मुलांच्या गृहात काय चाललं होतं ते २०१० मध्ये बातम्यांतून बाहेर आलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण निदान दखल कशाच्या आधारावर घ्यायची, ते लिहिलेलं आहे.

वृद्धांसाठी २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारने दर जिल्ह्याला किमान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढावा असं म्हटलंय. म्हटलंय म्हणजे 'काढू शकेल' असं म्हटलंय, त्या एका क्रियापदाने किती जिल्हे रिकामे ठेवले ते पाहावं. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करा, असा आदेश द्यावा लागला. म्हणजे कायदा होऊन ११ वर्षं झाली तरी मोजणीपासून सुरुवात. त्यातही १९ वं कलम सरकारी वृद्धाश्रमांबद्दल बोलतं. खासगी आणि ट्रस्टचे वृद्धाश्रम कसे चालावेत, याला २०१९ च्या दुरुस्ती विधेयकाने प्रथमच हात घातला होता: नोंदणी, किमान दर्जा, देखरेख. ते डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, तिथून अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही बारगळलं. त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. वृद्धाश्रमातली माणसं मोर्चे काढत नाहीत आणि त्यांची मुलं या विषयावर बोलायला लाजतात.

ही लाज समजून घ्यावी लागते, कारण कारभारावर तिचा थेट परिणाम होतो. आई-वडिलांना आश्रमात ठेवलंय याचा ज्याला अपराध वाटतो तो मुलगा तक्रार करत नाही. त्याला वाटतं, आपल्याला काय अधिकार, आपणच तर इथे आणून सोडलं. तो महिन्याचे पैसे वेळेवर भरतो, दिवाळीला मिठाई आणतो, मावशींच्या हातात शंभर-दोनशे ठेवतो आणि खाली मान घालून निघून जातो. दवाखान्यात हाच माणूस बिलावरून आवाज चढवेल. ज्या सेवेचा ग्राहक बोलायला ओशाळतो आणि जिचा लाभार्थी बोलायला घाबरतो, तिथे बाहेरून कुणाची तरी नजर लागतेच.

पण बाहेरची नजर म्हणजे निरीक्षकाची भेट एवढाच अर्थ घेतला तर मोठी फसगत होईल. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचं उदाहरण आठवावं. तिथल्या बालिकागृहात सरकारी अधिकारी नेमाने जात होते. तपासण्यांच्या नोंदी होत होत्या. मुलींवर काय अत्याचार होत होते ते २०१८ मध्ये बाहेर आलं, कारण आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने राज्यभरच्या निवासी संस्थांचं सामाजिक अंकेक्षण (सोशल ऑडिट) केलं आणि ही मंडळी आत राहणाऱ्या मुलींशी बोलली. संस्थाचालकाला २०२० मध्ये जन्मठेप झाली. रजिस्टर तपासणारे आणि माणसाशी बोलणारे, दोघं एकाच दारातून आत गेले होते. आमच्याकडेही तपासणी झालेली आहे. साहेबांनी रजिस्टरं मागितली, ती होती. चहा घेतला, अग्निशमनाच्या नळकांड्याची तारीख पाहिली, सही केली. एकाही आजोबांच्या शेजारी ते बसले नाहीत. वजनाची वही त्यांनाही दिसली होती आणि 'नोंदी अद्ययावत' असा शेरा मिळाला होता.

नियम वाढले की छोट्या संस्था बंद पडतील, असं माझे काही सहकारी म्हणतात. ही भीती खोटी नाही. तालुक्याच्या गावी कुणी निवृत्त शिक्षक दहा-बारा निराधार म्हाताऱ्यांना आपल्या वाड्यात सांभाळतो, त्याच्या डोक्यावर चाळीस फॉर्म टाकले तर तो दार लावून घेईल. म्हणून माझं म्हणणं असं की नियम थोडे असावेत आणि ते माणसाच्या अंगाशी संबंधित असावेत. खोलीचं क्षेत्रफळ किती चौरस फूट, यापेक्षा रात्री किती माणसांमागे एक जण जागा असतो हे विचारा. ग्रंथालय आहे का हे नंतर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं, ते लिहितं कोण आणि वाचतं कोण, हे आधी. आणि कुणाला खाटेला बांधून ठेवता का, हे तर सगळ्यांत आधी. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे. वृद्धाश्रमात साखळी नसते. तिथे जुन्या सुती साडीची पट्टी असते, आणि स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री उठून पडू नयेत म्हणून ती मनगटाला बांधतात. बांधणारी मावशी दुष्ट नसते. तीस जणांमागे ती एकटी असते, आणि आजोबा पडले तर पगार तिचा कापला जाणार असतो. ती पट्टी मावशीने बांधली असं म्हणून विश्वस्तांना हात झटकता येणार नाहीत. रात्रपाळीला एकच बाई ठेवायचा ठराव त्यांनी केला तेव्हाच पट्टीचा निर्णय झाला होता.

पगाराचा विषय याच ठिकाणी येतो. 'सेवाभाव' हा शब्द माझ्या वडिलांच्या पिढीने फार आदराने वापरला आणि मीही तो आदराने ऐकत मोठा झालो. आज मंडळाच्या बैठकीत तो बहुतेक वेळा पगार न वाढवण्यासाठी वापरला जातो. ज्या बाईने बारा तास दुसऱ्याचं मलमूत्र काढलं तिला सेवाभाव शिकवायचा अधिकार दोन तासांच्या बैठकीला गाडीतून येणाऱ्या माणसाला नाही. मावशी टिकत नाहीत, ब्युरोकडून नव्या येतात, महिन्याभरात त्याही जातात. आणि दर वेळी कुणाची कवळी तुटलीय, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते हे सगळं ज्ञान पिशवीत कपडे भरून त्यांच्याबरोबर निघून जातं. दहा किंवा अधिक कर्मचारी असले तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. रात्री एकट्या काम करणाऱ्या बायका जिथे आहेत तिथे ती असायलाच हवी. किती वृद्धाश्रमांत आहे, विश्वस्तांनी आपापल्या मनाला विचारावं.

संस्थापकांबद्दल लिहिताना हात अडखळतो. महाराष्ट्रातल्या निवासी संस्था बहुतांशी एकेका झपाटलेल्या माणसाने उभ्या केल्या. त्यांनी घर मोडून, दागिने विकून, लोकांची बोलणी खाऊन हे काम केलं. त्यांना 'तुम्ही उत्तर द्या' असं कोण म्हणणार? आणि म्हणून कुणीच म्हणत नाही. मंडळावर त्यांचे बंधू, वहिनी, जुने विद्यार्थी असतात. ताई म्हणतील तसं. मग ताई थकतात, त्यांचं विस्मरण सुरू होतं, चेकवर सह्या मात्र त्यांच्याच चालतात, आणि मंडळात तो विषय काढणं म्हणजे कृतघ्नपणा ठरतो.

उत्तरदायित्व ही बाहेरून आलेली नवी कल्पना आहे, असं यावर सांगतात. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, तेव्हा पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि इथे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशांची सल्लागार समिती होती. मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये समितीतल्या या थोरांनी जाहीरपणे राजीनामे दिले. बॉस्टनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्यात येऊन गेल्या. त्या वादात कोण बरोबर होतं याचा निवाडा इथे करायचं कारण नाही. रमाबाईंच्या तोडीची कार्यकर्ती आपल्या इतिहासात दुसरी सापडणं कठीण, आणि तरी तिच्या सदनाबद्दल दोन खंडांतली माणसं प्रश्न विचारत होती, भेट देत होती, पटलं नाही तर नाव काढून घेत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी हे होऊ शकलं. आज एखाद्या विश्वस्ताने कारभार पटला नाही म्हणून कारण देऊन राजीनामा दिला, असं आपण शेवटचं कधी वाचलं?

इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्यानंतर जी देखरेख यंत्रणा आली ती प्रत्येक निवासी सेवागृहाला पाच गोष्टी विचारते. सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, मायेने वागवलं जातं का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदल होतो का, आणि पाचवी, नेतृत्व नीट आहे का. व्यवस्थापकाची स्वतःच्या नावाने नोंदणी असते, आणि मिळालेली श्रेणी दारात लावावी लागते. तिथेही घोटाळे होतात, २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात मतिमंद माणसांना होणारी मारहाण बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानेच बाहेर काढली होती. त्या देशाची नक्कल करावी असं मला वाटत नाही, आपली गरिबी आणि आपली कुटुंबं वेगळी आहेत. पण व्यवस्थापकाचं नाव कायद्याने नोंदलेलं असणं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या बाई ११ वर्षांहून अधिक काळ ज्या घराचा कणा होत्या, त्या घराच्या एकाही शासकीय कागदावर त्यांचं नाव नव्हतं. तिथे आम्हा नऊ जणांची नावं होती.

देणगीदारांबद्दल थोडं बोलायलाच हवं. पितृपंधरवड्यात आमच्याकडे दोन्ही वेळच्या जेवणाच्या तारखा महिनाभर आधी भरतात. वाढदिवस वर्षभर असतात. एका आठवड्यात तीन वाढदिवस आले तर तीन वेळा गुलाबजाम होतात, आणि बावन्नपैकी एकवीस जणांना मधुमेह आहे. 'एक दिवस चालतं हो' असं प्रत्येक देणगीदार म्हणतो, आणि त्याचा तो खरंच एकच दिवस असतो. मग फोटो. आजींच्या हातात ताट, ताटावर देणगीदाराच्या नातवाचा हात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. या आजी एके काळी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. फोटो काढू का, असं त्यांना कुणी विचारलेलं नसतं. अन्नदानाची यादी आश्रमाच्या आहारतक्त्याप्रमाणेच होईल आणि परवानगीशिवाय फोटो नाही, एवढे दोन ठराव करायला मंडळाला धीर लागतो, कारण चार देणगीदार नाराज होतात. आम्ही ते ठराव केले. दोन जण नाराज झाले, एकाने येणं बंद केलं. बाकीचे आता नाचणीचे लाडू आणतात.

आमच्या प्रवेश अर्जात एक रकाना होता: 'पालकाचे नाव'. ८४ वर्षांच्या माणसाच्या अर्जावर त्याच्या मुलाचं नाव पालक म्हणून. गावी जायचं तर 'रजा' मागायची. इतकी वर्षं आम्हा कुणालाच हे खटकलं नाही. शब्द बदलून सगळं बदलत नाही हे मला कळतं, पण ज्याला आपण पालक लावून दिला आहे त्याचं मत विचारायचं आपल्याला सुचतच नाही. मागच्या जानेवारीत आम्ही निवासींची समिती केली. पाच जण, त्यांनीच निवडलेले, आणि त्यांतले दोघं कार्यकारी मंडळाच्या बैठकीला येतात. विरोध झाला. ते चहावरूनच भांडतील, असं आमच्यातलेच एक म्हणाले. आणि खरंच, पहिल्या बैठकीत चहाचाच विषय निघाला. दुपारचा चहा साडेचारला मिळायचा, त्यांना तो साडेतीनला हवा होता, कारण दोनला झोप उघडते आणि मग अडीच तास काय करायचं. जिच्या दिवसात ठरवण्यासारख्या चारच गोष्टी उरल्या आहेत तिच्यासाठी त्यांतली एक चहा आहे. दुसरा विषय होता संडासाच्या बोळातला दिवा. तो रात्री अकराला वीज वाचवायला बंद होत असे. वर्षभरात पडलेल्या नऊ जणांपैकी सहा जण त्या बोळात पडले होते. पडल्याची नोंदवही आमच्याकडे होतीच. तीही कुणी वाचली नव्हती.

आता तीन वह्या प्रत्येक बैठकीत टेबलावर येतात. वजनाची, पडल्याची आणि जखमांची. हिशेबाच्या आधी त्या वाचल्या जातात आणि निवासी समितीपैकी एक जण त्या मोठ्याने वाचतो. पहिल्या वेळी वाचायला दिवसभर वरच्या मजल्यावर एकटा बसणारा एक माणूस उठला, रेल्वेत गार्ड होता पूर्वी. आवाज अजून खणखणीत आहे. त्याने नावं घेऊन आकडे वाचले आणि वाचताना मध्येच थांबून म्हणाला, "ह्या जोशी बाई माझ्या समोर जेवायला बसतात, यांचं कमी झालेलं मला दिसलं होतं. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." (आडनाव मी बदललं आहे.)

राज्य सरकारकडे माझं मागणं मोठं नाही. २०१९ च्या विधेयकासारखं काही दिल्लीत पुन्हा येण्याची वाट न बघता महाराष्ट्राने वृद्धाश्रमांची स्वतंत्र नोंदणी सुरू करावी. तीत व्यवस्थापकाचं नाव असावं, रात्रपाळीची संख्या असावी, निवासींची समिती असावी. धर्मादाय कार्यालयाकडे दर वर्षी जो ताळेबंद जातो त्याच्याबरोबर या तीन वह्यांचं एक पान जावं. तपासणीला येणाऱ्याने निदान पाच माणसांशी, संचालक खोलीत नसताना, बोलल्याशिवाय सही करू नये. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक जेवणघराच्या भिंतीवर, बसल्या जागेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात असावा. कार्यालयाच्या आतल्या फलकावर तो लावून उपयोग नाही, तिथे कुणी एकटं जात नाही.

त्या आजींना नवी कवळी बसवली. मार्चमध्ये त्या ४२ किलोवर आल्या, त्यापुढे काटा हलला नाही. नात आता दर महिन्याच्या दोन तारखेला फोन करून आकडा विचारते.

जुन्या बाईंना मी जाऊन भेटलो. परत येण्याबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पगार किती देणार आणि रात्रीला दुसरी मावशी देणार का, एवढं विचारलं. येत्या बैठकीत हे दोन्ही विषय आहेत. अजेंड्यावर ते सातवे आणि आठवे आले होते, सहावा विषय कमानीच्या रंगाचा. ते पहिल्या क्रमांकावर घ्यावेत, असं पत्र मी अध्यक्षांना दिलं आहे.